बिनखमिराचे आठ दिवस

रविवार, १७ मार्च १९९६. गेवराई

योएल सणाला येतोय. दुपारी बंकटच्या एसटीडी बूथवरून पोरगं बोलवायला आलं, तशी मी अनवाणीच धावले. फोनवर सारखी खरखर होती, पण 'पेसाहला घरी येतो' एवढं नीट ऐकू आलं. त्याला इस्राएलला जाऊन तीन वर्षं झाली. तिकडे एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन आहे. एकुलता एक मुलगा.

हे गिरणीत होते. सांगितलं तर पट्टा थांबवून माझ्याकडे बघतच राहिले. मग रांगेतल्या बायकांना म्हणाले, आज दळण होणार नाही, उद्या या. बायका बडबडत गेल्या.

औषध कंपनीच्या माणसाने दिलेली ही डायरी अडीच महिने कोरीच होती. आजपासून लिहीन म्हणते. तलवाड्याच्या दवाखान्यात नर्स म्हणून दिवसभर इतरांचे ताप आणि बाळंतपणं लिहिते, आता थोडं घरचं लिहावं.

या तालुक्यात बेने इस्राएलांचं, म्हणजे मराठी यहुद्यांचं, घर आमचं एकच. चोवीस वर्षं झाली, तरी आम्ही नक्की कोण हे लोकांना कळलेलं नाही. शनिवारी गिरणी बंद असते म्हणून कुणाला आम्ही मारुतीचे भक्त वाटतो. हे टोपी घालतात म्हणून कुणाला मुसलमान. योएल परदेशी गेल्यापासून आम्ही ख्रिस्ती झालो. आम्हीही आता समजावून सांगत बसत नाही.

गुरुवार, २१ मार्च

घर उलटंपालटं केलंय. चुना झाला. रहीमभाईने तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई केली. तो दर साली न बोलावता याच सुमारास येतो, आणि म्हणतो, तुमची ईद आमच्यापेक्षा जास्त पाणी पिते. कुंभाराकडून नवी मडकी आणली. बाकीची रोजची भांडी पोत्यात घालून माळ्यावर गेली.

माझी आजी पेसाहला 'अनशी ढाकायचा सण' म्हणायची. आंबवणाचं मडकं आठ दिवस झाकून ठेवायचं. फुगलेलं, आंबलेलं काही घरात नको. पाव, बिस्किटं, टोस्ट तर गेलेच. हिंगसुद्धा नको, कारण हिंगात मैदा मिसळतात. हे मला आईने सांगितलेलं. तांदूळ चालतो, पण तीनदा निवडायचा, चुकून गव्हाचा दाणा राहू नये. आज दुसऱ्यांदा निवडून झाला.

गंगासागर भिंतीपलीकडून विचारत होती, एवढं कशापायी करता? ती लिंगायत, गळ्यात लिंग, आमच्या घरचं पाणीही घेत नाही. सतरा वर्षं शेजारी आहोत, एकमेकींच्या घरात कधी जेवलो नाही आणि एकमेकींशी बोलल्याशिवाय दिवस गेला नाही. मी म्हटलं, आमचे वाडवडील मिसर देशातून गुलामी सोडून निघाले तेव्हा पीठ फुगायला वेळ नव्हता, म्हणून तशीच भाकरी भाजून घेतली. त्याची आठवण. ती म्हणाली, मग बरोबर हाय. घाईत निघालेल्या माणसाची आठवण ठिवावी.

गुरुवार, २८ मार्च

आला. औरंगाबादहून एसटीने संध्याकाळी उतरला. दाढी ठेवलीय. खांदे रुंद झालेत. मला मिठी मारली तेव्हा त्याच्या अंगाला कसल्यातरी परक्या साबणाचा वास येत होता.

दोन बॅगा. एक कपड्यांची, दुसरीत नुसते डबे आणि खोकी, सगळी मोहोरबंद. मला वाटलं, आमच्यासाठी खाऊ आणला. तो म्हणाला, नाही आई, हे माझं जेवण आहे.

मी भात आणि नारळाच्या रसातली कोंबडी केली होती. ह्यांनी स्वतः कापली होती, त्यांच्या वडिलांनी शिकवल्याप्रमाणे, प्रार्थना म्हणून. योएल म्हणाला पोट बरं नाही. एक केळं सोलून खाल्लं. पाणी प्यायलाही त्याने बॅगेतून स्वतःचा पेला काढला.

बोलतोसुद्धा वेगळा. इथे वाढलेला पोरगा, गल्लीत 'कावून बे' करत फिरायचा. आता पुस्तकातल्यासारखं बोलतो, एकेक शब्द जपून. आमच्या घराची लाज वाटत असेल का? पत्रे तेच, मोरी तीच. तिकडे म्हणे नळाला गरम पाणी येतं.

रविवार, ३१ मार्च

आज ओट्यावर उकळतं पाणी ओतलं, तीनदा. योएलने. मग चांदीसारखा कागद अंथरला. मी गेला आठवडाभर जे घासलं ते त्याला घासलेलं वाटत नाही.

मी सणाचं पीठ दाखवलं. गहू एकेक दाणा निवडून, पाणी न लावता, गिरणी धुऊन-पुसून सुकवून सगळ्यांत आधी दळलेले. दर साली असंच करतो. तो म्हणाला, "बाबांच्या गिरणीत लोक ओलवलेलं धान्यही दळतात. दगडाच्या खाचांत काय राहिलंय, कसं कळणार? आणि भाकरी करताना वेळ कोण मोजतं? पाणी लागल्यापासून अठरा मिनिटांच्या आत भाजून झाली पाहिजे, नाहीतर ते खमीरच."

मी म्हटलं, "माझी आई मोजत नव्हती. पण ती थांबतही नव्हती."

त्याने पिठाचा डबा बाजूला सरकवला. मग म्हणाला, तांदूळही चालणार नाही. मी विचारलं, तिकडे कुणीच खात नाही का? म्हणाला, पुष्कळ जण खातात, पण आमचे रब्बी खात नाहीत.

आमचे रब्बी म्हणजे कोणते धर्मगुरू, ते काही त्याने सांगितलं नाही.

हे उंबऱ्यात उभे होते. गिरणीचं ऐकलं त्यांनी. नंतर अंगणात कितीतरी वेळ अंगावरचं पीठ झटकत होते. त्यांची गिरणी आठ दिवस बंद असते. शेवयांचे, कुरडयांचे दिवस, रांग लागलेली असते, तरी पट्टा काढून ठेवतात. चोवीस वर्षांत एकदाही चुकलेलं नाही. योएलला हे ठाऊक आहे.

संध्याकाळी तो बूथवर गेला. रोज जातो. म्हणतो, कारखान्याच्या साहेबाशी बोलायचं असतं. जाताना आरशासमोर उभं राहून केस नीट करतो. तिकडची शिस्तच वेगळी.

मंगळवार, २ एप्रिल

आज दिवा घेऊन घरभर खमीर शोधलं. कोंबडीच्या पिसाने कोपरे झाडायचे. योएल लहान असताना मी मुद्दाम फळीवर पावाचा तुकडा ठेवायची, त्याला सापडला की तो नाचायचा. आजही ठेवला होता. त्याने तो पिसाने कागदात घेतला, बांधला, उद्या जाळायला ठेवला. हसला नाही.

मला रडू आलं, डोळे मोरीत जाऊन पुसले. ह्यांना सांगितलं, मी चुलीपाशी काही करणार नाही, करू दे त्यालाच. हे म्हणाले, "तू तुझी भाकरी कर. तुझ्या भाकरीशिवाय मी सणाला बसणार नाही."

बुधवार, ३ एप्रिल

सूर्य कलला. आता लेखणी ठेवायची. भाकऱ्या झाल्या. मळणं, लाटणं, भाजणं, मध्ये श्वास घेतला नाही. समोरच्या मारुतीच्या देवळात उद्याच्या जयंतीची तयारी चाललीय, पौर्णिमा एकच. पहाटे ग्रहणही आहे म्हणून गंगासागर रात्रीचं जेवण लवकर उरकणार. त्यांच्यात ग्रहण पाळत नाहीत, पण सासू पाळायची म्हणून ही पाळते.

रविवार, ७ एप्रिल

बुधवारच्या संध्याकाळपासून लिहिलं नाही. सणाचे पहिले दोन दिवस आणि मग शनिवार, लिहायचं नसतं. आता सगळं एकदम आठवतंय.

पहिल्या रात्री टेबलावर सगळं मांडलं होतं. काळ्या मनुकांचं सरबत, खजुराचा घट्ट पाक, कडू पाला, उकडलेलं अंडं, भाजलेलं हाड. योएलसमोर कागदाची ताटली आणि त्याच्या खोक्यातली चौकोनी, भोकाभोकांची भाकरी. ह्यांनी मिसरमधल्या सुटकेची कथा मराठीतून वाचली, त्याने हिब्रूतून. त्याचा आवाज इतका सुंदर लागला की मी घटकाभर सगळं विसरले. मग भाकरी वाटायची वेळ आली. ह्यांनी माझ्या भाकरीचा तुकडा मोडून त्याच्यापुढे धरला.

"बाबा, मला चालत नाही."

ह्यांनी हात मागे घेतला नाही. तसाच धरून ठेवला. मग तो तुकडा स्वतः खाल्ला आणि पुढचं सगळं भराभर वाचून टाकलं. त्यानंतर ते योएलशी बोललेले नाहीत. दुसऱ्या रात्रीही तसंच.

शुक्रवारी दुपारी मात्र एक चांगली गोष्ट झाली. ऊन मी म्हणत होतं, हे झोपले होते, आम्ही दोघं लिंबाखाली खाटेवर होतो. योएलने आपणहून विचारलं, आई, तुझ्या आईची आई कोण? मला इतकं बरं वाटलं! तीन वर्षांत त्याने घरच्या माणसांबद्दल पहिल्यांदाच विचारलं. मी भरभरून सांगत सुटले. माझी आई शेगुला. तिची आई लाडूबाई, अलिबागेच्या बाजूला तिच्या घरी तेलाचा घाणा होता. आणि लाडूबाईची आई अकूबाई.

अकूबाईची गोष्ट त्याने कधी ऐकलीच नव्हती. पटकीच्या साथीत किनाऱ्यावरच्या एका वाडीतलं घरच्या घर गेलं. कोळ्याचं होतं की आगऱ्याचं, कुणाला ठाऊक नाही. आमच्या लोकांच्या घाण्यापाशी, पेंडीच्या ढिगाला टेकून, एक पोर बसलेली सापडली. चारेक वर्षांची. आमच्यातल्या एका घराने ती उचलून घेतली, वाढवली आणि पुढे घरातल्याच मुलाला दिली. तीच अकूबाई. लाडूबाई सांगायची, साऱ्या आळीत सण पाळावा तर अकूबाईने. गहू निवडताना तोंडाला फडकं बांधायची, थुंकी उडून दाणा भिजू नये म्हणून. तिच्या भाकरीची घाई लाडूबाईच्या हातात आली, तिच्याकडून आईच्या, आईकडून माझ्या.

योएलने विचारलं, "तिला रीतसर आपल्यात घेतलं होतं? तेविला दिला होता, पाण्यात बुडी?"

मी म्हटलं, एवढ्या जुन्या गोष्टी कोण सांगणार? घरात आली, घरची झाली.

तो उठून उभा राहिला आणि परत बसला. चेहरा पांढरा पडला होता. मी लिंबाचं सरबत केलं, त्याने घेतलं नाही. रात्री स्वतःच्या डब्यातलंही खाल्लं नाही. काल दिवसभर पडून होता. ऊन बाधलंय. तीन वर्षांत सवय गेली. उद्या दवाखान्यातून जलसंजीवनीच्या पुड्या आणते, त्यात काही खमीर नसतं, पुडीवर वाचून दाखवीन.

सोमवार, ८ एप्रिल

ऊन बाधलं नव्हतं.

काल डायरी मिटली आणि योएल उंबऱ्यावर येऊन बसला, लहानपणी बसायचा तसा, पाय आत घेऊन. म्हणाला, "आई, एक सांगायचं हाय." त्याची ती गेवराईची बोली ऐकून मी डायरी बाजूला ठेवून त्याच्या शेजारी बसले.

तिकडे एक मुलगी आहे. तिर्झा. बालवाडीत शिकवते. तिचे वडील प्रार्थनेत पुढे उभे राहणारे, कडक पाळणारे. दोघांना लग्न करायचंय. रोज संध्याकाळी बूथवरून तो तिच्याशीच बोलत होता. मला कसं कळलं नाही? बाळंतपणाचे दिवस बोटांवर सांगणारी बाई मी.

तिथले रब्बी लग्न लावायला तयार नाहीत. म्हणतात, हिंदुस्तानातले तुम्ही लोक दोन हजार वर्षं एकटे राहिलात, मध्ये कुणाशी सोयरीक झाली ते काय सांगावं? आई यहुदी, तिची आई यहुदी, अशी वरपर्यंत खात्री द्या. योएल दोनदा जाऊन आला. एकदा विचारलं, सण कसा पाळता? याने भोळेपणाने सांगितलं, आई तांदूळ तीनदा निवडते. खोलीतले लोक हसले.

"तवापासून म्या डब्यातलं खातो, आई. तिथं समदे माझ्या ताटात बघत्यात. एक दाणा चुकला तर म्हणतील, बघा, हे असलेच. तुझ्या हातचं वंगाळ म्हणून न्हाई."

मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मग त्याने उरलेलं सांगितलं. आज चार वाजता तिकडून बूथवर फोन येणार. रब्बी स्वतः मला माझ्या आईकडची नावं विचारणार, मध्ये आपलाच एक म्हातारा माणूस दुभाषा असेल. सणाच्या मधल्या दिवसांत फोन चालतो, म्हणून आजचा दिवस.

"अकूबाईचं तेवढं सांगू नको."

एवढंच मागितलं त्याने. तीन वर्षांत पहिल्यांदा काही मागितलं.

ह्यांना विचारलं. ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. म्हणाले, "पणजी तुझी आहे. मला विचारू नको." सकाळी गंगासागरलाही सांगितलं. तिने भिंतीवरचं वाळवण सारखं केलं. मग म्हणाली, "पाळणाऱ्यानं आपल्या ताटाकडं बघावं. दुसऱ्याच्या पणजीच्या ताटात कावून बघावं?" माझ्या मनातलं बोलली, पण त्याने माझा प्रश्न सुटला नाही.

दवाखान्यात दुपारपर्यंत हात आपोआप चालत होते. मनात एकच. वाटलं, काय बिघडतं? मेलेल्या बाईला काय कळणार? 'अकूबाईचे आईवडील अलिबागचेच, आमच्यातलेच' म्हटलं की पोराचा संसार उभा राहतो. खोटं मी काय कमी बोललेय? मरणाऱ्या बाईला रोज सांगते, उद्या बरी होशील. मग वाटायचं, त्या पोरीला एकदा पटकीने उघड्यावर टाकलं, आता मी टाकायची? आणि लगेच वाटायचं, पण माझा पोरगा जिवंत आहे. तलवाड्याहून परतीच्या एसटीत शेवटी ठरवलं, सांगायचं नाही. हे इथे लिहून ठेवते, कारण पुढे जे झालं ते काही माझ्या धैर्याने झालं नाही.

बंकटने बूथमधल्या माणसांना बाहेर काढलं, मला स्टूल दिलं. योएल काचेबाहेर उभा राहिला. फोन आला. पलीकडून म्हाताऱ्याचा आवाज, कुलाब्याकडचं स्वच्छ मराठी. "नमस्कार बाई, मी अष्टमकर. एकोणसत्तर साली इकडे आलो. रब्बी शेजारी बसलेत. ते विचारतात ते मी तुम्हाला सांगेन, तुम्ही सांगाल ते त्यांना."

इतक्या दूरवरून ते मराठी कानावर पडलं आणि मी सैल झाले. आईचं नाव सांगितलं, लाडूबाईचं सांगितलं. अकूबाईचं नाव सांगितलं. तो प्रत्येक नाव घेऊन हिब्रूत बोलायचा. मग त्याने विचारलं, अकूबाईंचे आईवडील कोण? मी तोंड उघडलं ते 'अलिबागचेच' म्हणायला. आणि आपल्या माणसाला सांगावं तसं सगळं सांगून गेले. पटकी, घाणा, पेंडीचा ढीग.

पलीकडून रब्बींनी काहीतरी विचारलेलं ऐकू आलं. अष्टमकर त्यांना उत्तर देईनात. मग हळू आवाजात मला म्हणाले, "बाई, आपल्या घराघरात अशी एखादी अकूबाई आहे. माझ्याही आहे. हे सांगू का त्यांना? का तुम्ही काही बोललाच नाहीत असं धरू?"

मी स्टुलावरून उठले. फोन हातात धरून काचेचं दार ढकललं. योएलला सगळं सांगितलं. माझ्या तोंडून गेलं, तो माणूस झाकायला तयार आहे, तू म्हणशील तसं.

योएलने माझ्याकडे पाहिलं नाही. रस्त्याकडे बघत होता, उसाच्या फडावरून परतलेल्या लोकांनी भरलेला ट्रक चालला होता, शिरूर कासारकडे. बंकटने वहीत डोकं घातलं होतं. फोनचा आकडा पलीकडे पळत असणार. 

"सांग," तो म्हणाला. "खरं हाय ते सांगू दे त्यान्ला."

मी अष्टमकरांना म्हटलं, सांगा. ते सांगत राहिले, मला कळत नव्हतं, पण मध्ये 'अकूबाई' असं दोनदा आलं. रब्बींचं उत्तर लहान होतं. आईकडची साखळी तुटली, म्हणून मुलाने नव्याने धर्मात यावं. शिकवणी, तीन माणसांपुढे सगळं कबूल करणं, पाण्यात बुडी. मग लग्नाला हरकत नाही.

योएल ऐकून बीडच्या रस्त्याने चालत गेला. दिवेलागणीला आला. मला विचारलं, "म्या नको म्हणलो असतो तर?"

"तर सांगितलं नसतं," मी म्हटलं.

त्याने मान हलवली. त्याला काय वाटलं, ते मला अजून ठाऊक नाही.

मंगळवार, ९ एप्रिल

आज मी रजा टाकली. सकाळी योएलला म्हटलं, तुझ्या जिवाला चालेल असं तूच शिजव, आम्हालाही घाल. तुला आमचं चालत नाही, पण तुझं आम्हाला चालतं की.

तो थोडा गोंधळला. मग कुंभाराकडे जाऊन स्वतः दोन मडकी घेऊन आला. बटाटे, अंडी, टोमॅटो. त्याच्या बाटलीतलं तेल. मसाला नाही, हळदसुद्धा नाही. चुलीपुढे बसून फुंकणी घालत होता, धुराने डोळे लाल. हे येऊन बाजूला बसले. न बोलता एकेक बटाटा सोलून त्याच्या हातात देऊ लागले. तिसऱ्या-चौथ्या बटाट्याला ह्यांनी विचारलं, तिकडे कारखान्यात मशीन कुठल्या कंपनीचं आहे? मग ते बोलणं दुपारपर्यंत संपलं नाही.

जेवण अळणी होतं. आम्ही दोघांनी दोनदा वाढून घेतलं.

मी त्याला विचारलं, बुडी घेणार? म्हणाला, घेणार. तिर्झाला शब्द दिलाय. मी म्हटलं, घे. पण मला एक कळत नाही. त्या पाण्यातून बाहेर येशील तेव्हा तू आपल्यातला होशील म्हणतात. मग आत जाईपर्यंत तू कोण? आठव्या दिवशी तुझी सुंता केली, पुण्याहून माणूस आणून, तो कोणाचा मुलगा होता? तो मडकं घासत राहिला.  बटाट्याची सालं उचलून मी बाहेर टाकून आले.

रविवार, १४ एप्रिल

गुरुवारी सण उठला. शुक्रवारी ह्यांनी पट्टा चढवला, रांग रस्त्यापर्यंत गेली. योएल आज सकाळच्या गाडीने गेला. गंगासागरने त्याला भिंतीवरून नारळ दिला. म्हणाली, "ह्याला कुणाचा हात आतून लागलेला न्हाई. तुझ्या रब्बीलाबी चालंल." तो खूप हसला, आल्यापासून पहिल्यांदा.

माझी उरलेली भाकरी मी सुकवून ठेवली होती. ती त्याने मागितली नाही आणि मी दिली नाही. आता त्याचं वाईट वाटत नाही. म्हणजे वाटतं, पण आधीसारखं नाही.

गुरुवार, २० जून

योएलचा फोन आला. झालं म्हणाला सगळं. लग्न ऑगस्टमध्ये, आम्ही दोघांनी यायचं. तिकिटं तो पाठवणार. मागून तिर्झा 'आई' म्हणाली, लांबवून, आणि पुढचं मराठी विसरली.

मग त्याने जे सांगितलं ते लिहून ठेवते, एरवी मीच मला खोटं म्हणेन. तो पाण्यातून बाहेर आला, कपडे घातले, तिघांपुढे उभा राहिला. नव्याने येणाऱ्याला तिथे बापाचं नाव अब्राहाम देतात, सगळ्यांचा मूळपुरुष म्हणून. रब्बी म्हणाले, आजपासून तू योएल, अब्राहामचा मुलगा. याला हिब्रू चांगलं येतं, पण तेव्हा एक शब्द आठवेना. तोंडून मराठीच आलं. म्हणाला, "तुमी म्हणाल ते समदं पाळीन. पण माझा बाप गेवराईला गिरणी चालवतो. त्याचं नाव हनोक हाय."

अष्टमकर कोपऱ्यात साक्षीला बसले होते. त्यांनी उठून ते भाषांतर केलं, आणि योएल म्हणतो, त्याने म्हटलं होतं त्याहून पुष्कळ मोठ्याने. रब्बींनी दाढीवरून हात फिरवला. बाकीच्या दोघांकडे पाहिलं. मग म्हणाले, असू दे. योएल, हनोकचा मुलगा.

मी घरी आले तेव्हा गिरणीत गिऱ्हाईक नव्हतं. हे दगड उतरवून टाकीने, म्हणजे छिन्नीने, त्याच्या झिजलेल्या खाचा पाडत बसले होते. टक टक आवाज रस्त्यापर्यंत येत होता. मी शेजारी बसून सगळं सांगितलं. ह्यांनी हात थांबवला. चष्मा काढला, तो पिठाने पांढरा झाला होता.

"गेवराई म्हणाला?"

"हो."

"गिरणीपण?"

"गिरणीपण."

ह्यांनी चष्मा पुसून पुन्हा घातला आणि टाकी हातात घेतली. मी आत स्वयंपाकाला लागले. भात उतरवला, डाळीला फोडणी दिली, तरी बाहेरून टाकीचा आवाज येईना.